शीतनिद्रा, धंतोली

निमजे साहेबांनी विजेचं बिल माझ्यासमोर ठेवलं
आणि पेनच्या टोपणाने आकडा दाखवला.
रात्री अकरानंतर कोण विचारतं रक्ताचा साठा?
झोपवत जा ना सर्व्हरला.
माझा लॅपटॉप मी मिटतो, सकाळी उघडला
की सगळं तिथंच असतं.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

शब्दकोशात ह्याला शीतनिद्रा म्हणतात,
आणि बाहेर सेहेचाळीस अंश,
डांबर चपलेला धरून ठेवतं,
कूलरच्या खसला तीनदा पाणी दिलं
तरी संध्याकाळी ते पापडासारखं मोडतं.
इथं झोपतो तो बेडूक, आणि तोही उन्हाने,
गोरेवाड्याच्या तळ्याकाठी भेगाळल्या चिखलाखाली.
त्याला रात्री कोणी फोन करत नाही.

तरी एका शनिवारी करून पाहिलं.
चौसष्ट जीबी आठवण
डिस्कवर उतरवायला त्याला चार मिनिटं लागली,
लग्न आटोपल्यावर आचारी भांडी मोजतो तशी,
एकेक, पोत्यात.
मग पंखे थांबले.
नऊ वर्षांत पहिल्यांदा मला त्या खोलीत
ट्यूबलाइटचा आवाज ऐकू आला.

दाराशी शालिक उईके स्टुलावरून उठले.
"काय झालं जी? मशीन मेली काय?"
झोपवली, म्हटलं.
"मंग तिले उठवन कोन?"

पावणेतीनला भंडाऱ्याहून फोन.
ओ निगेटिव्ह. बाळंतीण.
बोलणारं माणूस बाई होतं
की घाबरलेला मुलगा, कळलं नाही.
नेटवर्कवरून हाक मारली;
म्हणतात, झोपेतही ऐकू येते ती.
नाही आली.
धावत जाऊन बटण दाबलं आणि उभी राहिले,
फोन कानाला,
पलीकडे कुठल्यातरी लोखंडी खाटेची चाकं.

स्क्रीन उजळली.
जसंच्या तसं सगळं.
शनिवार, अकरा वाजून सात मिनिटं.
कुणाचंतरी अर्धवट टाइप केलेलं आडनाव,
त्यापुढे लुकलुकणारा कर्सर,
आणि फ्रीज क्रमांक दोनमध्ये
ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या.

"दोन आहेत," मी म्हणाले.

मागून ढोमणे आली, रात्रपाळीची, हातात वही.
एक बारा-चाळीसला गेली मॅडम.
संगणक बंद होता, म्हणून इथं लिहिली.

"एक आहे," मी म्हणाले.
तिकडून कोणीतरी नुसतं
"बरं" म्हटलं.

तो खोटं बोलला नाही.
मी जे देऊन निजवलं, तेच त्याने
एक अक्षर न सांडता परत दिलं.
घड्याळ तर मिनिटभरात त्याने स्वतःच दुरुस्त केलं.
पण त्या दोन पिशव्यांना घड्याळ नव्हतं.
पहाटेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत बसले.
गाडी पोचली का, हे विचारायला
मी अजूनही फोन केलेला नाही.

सोमवारी सेटिंगमध्ये गेले.
झोप, ह्या शब्दासमोर एक छोटी यादी उघडते:
पंधरा मिनिटांनी, तासाने, पाच तासांनी,
आणि अगदी तळाशी, कधीच नाही.
ते निवडलं.
एवढंच ठेवलं, की वीज गेली
आणि बॅटरी दहा टक्क्यांवर आली,
तर सगळं लिहून घे आणि मिट.
तेव्हा ती झोप नसते,
पूर आल्यावर बोचकं बांधणं असतं.

उईके स्टुलावर होते, डोळे अर्धे मिटलेले.
झोपलात का, विचारलं.
"नाही जी. डुलकी हाय.
डुलकीत कुत्रं भुकलेलं आयकू येते."

मग रात्री अकरानंतर
मी प्रोसेसरचा वेग उतरवून दिला,
पंखे हळू,
कान उघडे.

पुढच्या बिलात एकशे बारा रुपये वाचले.
निमजे साहेबांनी टोपणाने
तोही आकडा दाखवला.